नाताळात घर सजवताय? माळा घेण्याआधी हे वाचा

डिसेंबर लागला की आमच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, यंदा नवीन काय आलं?" नवीन दरवर्षीच येतं. रंग बदलणाऱ्या माळा, गाणं वाजवणारा सांता, प्लास्टिकचं झाड. सगळं एकाच ओसरीत लावलं की घर मागं राहतं आणि दुकानच मांडल्यासारखं दिसतं. लाइटिंग अन् डेकोरेशनचं काम करताना आम्ही पाहिलं आहे की लोक ज्या घरापुढे थांबून बघतात, तिथं सामान थोडंच असतं. म्हणून हे पत्रक. विक्री आमचीच थोडी कमी होईल, होऊ द्या.

आधी भिंतीकडे बघा. निळीचा हात दिलेली भिंत असेल तर पिवळसर उजेडाची एकच माळ पुरते. हिरव्या ऑइलपेंटवर लाल-हिरवी झालर लावली तर हिरवं भिंतीत विरून जातं, तिथं पांढरं आणि सोनेरी घ्या. दोन रंग ठरवा आणि तिसऱ्याला हात लावू नका. लुकलुकणाऱ्या माळा मुलांना आवडतात, तेवढ्यापुरती एक लावा, ती पण खिडकीत.

चांदणी मात्र मोठी हवी. सारख्या मापाच्या पाच कामट्यांचा एक तारा बांधायचा, तसाच दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाचही टोकं घट्ट बांधायची आणि मधे जिथं कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी वीतभर काड्या अडकवायच्या. तारा आपोआप फुगतो. वरून पतंगी कागद. आत ५ वॅटचा एलईडी बल्ब बसवा. जुना तारेचा बल्ब तापतो आणि कागद करपतो. मेळघाटात लवाद्याच्या बांबू केंद्राकडं जाणं झालं तर बांबूपासून काय काय घडतं ते बघून या, मग प्लास्टिकचा तारा घ्यावासा वाटणार नाही. चांदणी दारावर टांगण्यापेक्षा उंच बांबूवर लावा, फाट्यावरून दिसली पाहिजे.

झाडासाठी सुरूची फांदी चालते, कुंडीतली मोरपंखी त्याहून बरी. पण आमची पसंती पऱ्हाटीला. वेचणी झालेली, चांगली फांदोरी पऱ्हाटी उपटून मुळं कापा, धुऊन वाळवा आणि मातीच्या कुंडीत रोवा. आठ-दहा फुटलेली बोंडं तशीच राहू द्या. आपल्याकडं बर्फ पडत नाही, पण कापूस फुटतो! त्यावर पिवळसर उजेडाची एकच बारीक माळ लावली की दुसरं काही लागत नाही. मेणबत्ती मात्र या झाडाच्या आसपास नको, कापूस क्षणात पेट घेतो. आणि ६ जानेवारीनंतर ही पऱ्हाटी धुऱ्यावर किंवा घरामागं रचून ठेवू नका. बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असू शकते. सरळ चुलीत घाला.

संत्र्याचे गोल काप वाळवून टांगायची पद्धत तुम्ही मोबाइलवर पाहिली असेल. आपला संत्रा सैल सालीचा, काप केले की फोडी सुटतात. त्यापेक्षा साल जाड निघते तिथून छोटे तारे कापा, ओले असतानाच सुईदोऱ्यात ओवा आणि उन्हात वाळवा. रात्री दवात ठेवू नका. सोबत लवंग-दालचिनी ओवली तर खोलीभर वास.

लाल पानांचा पॉइनसेटिया घरी असेल तर एक गंमत. तांबडी दिसतात ती फुलं नव्हेत, पानंच. त्यांना रंग चढायला लांब काळोखी रात्र लागते. दिवाळीच्या सुमारास कुंडी रात्रभर अंगणातल्या दिव्याखाली राहिली तर नाताळला ती हिरवीच राहते. चीक अंगाला लागला तर खाज येते, म्हणून लहान मुलांपासून दूर ठेवा.

गव्हाणीच्या, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यासाठी शहरातून संच आणायची गरज नाही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसनी देखावा मांडला तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि चारा आणला होता. आपल्या कोठ्यात गव्हाण आहेच, कुटार आहे, आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल माळ्यावर पडलेले असतात. ते पुसून काढा आणि गव्हाणीशेजारी उभे करा. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्री ठेवायची आणि मागी लोक, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष, ६ जानेवारीपर्यंत थोडे लांब, वाटेवरच उभे करायचे, अशी रीत अनेक घरांत आहे. मुलं रोज त्यांना वीतभर पुढं सरकवतात.

थर्माकोलचा गोठा आमच्याकडं मागू नका, २०१८ पासून राज्यात त्याला बंदी आहे.

आता विजेचं. १०० दाण्यांची एलईडी माळ साधारण ६ वॅट खाते. अशा १० माळा रोज ६ तास लावल्या तर दिवसाला ०.३६ युनिट, म्हणजे १२ दिवसांत साडेचार युनिटसुद्धा नाही. बिलाची काळजी नको, जोडाची करा. टिनाच्या छपरावर माळ थेट टाकू नका. वायर कुठं सोललेली असेल तर अख्ख्या टिनात करंट उतरतो. खाली लाकडी पट्टी द्या, जोडावर टेप गुंडाळा आणि दवाचं पाणी पिनेपर्यंत वाहून येणार नाही अशी वायर वळवा. खांबावरच्या तारेवर आकडा टाकून लाइटिंग करणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही. आदल्या वर्षीची माळ लावण्याआधी दुकानात आणा, तपासायचे पैसे नाहीत.

चांदणीचे सांगाडे भाड्यानं मिळतात, कागद तुम्ही लावायचा. घरी येऊन फिटिंग हवं असेल तर १५ डिसेंबरच्या आत सांगा. २३ आणि २४ ला आमची पोरं चर्चच्या कामात असतात, त्या दोन दिवसांत फोन उचलला नाही तर रागावू नका.