पार्श्वभूमी : पराभवाची जबाबदारी घेतली, तरी लोक का मानत नाहीत?

५ जून २०२४. लोकसभेच्या निकालाचा दुसरा दिवस. महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री, भाजपचे देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईत पत्रकार परिषद घेतली आणि राज्यातल्या पराभवाची सगळी जबाबदारी आपली असल्याचं सांगितलं. विधानसभेच्या तयारीला पूर्ण वेळ देता यावा म्हणून आपल्याला सरकारमधून मोकळं करावं, अशी विनंतीही त्यांनी पक्षश्रेष्ठींना केली. कार्यकर्ते हळहळले, विरोधकांनी नाटक म्हटलं. जो या दोघांतही नव्हता, त्या मतदाराने मात्र एक गोष्ट आधीच गृहीत धरली होती: हे मंजूर होणार नाही. तसंच झालं. लोकांना हा अंदाज इतक्या सहज का बांधता आला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

नैतिक जबाबदारीचा दाखला म्हणून आपल्याकडे १९५६ चा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींचा राजीनामा नेहमी दिला जातो. अरियालूरच्या अपघातानंतर तो मंजूर झाला होता. तो पराभव नव्हता, अपघात होता, त्यामुळे इथे तो तंतोतंत लागू पडत नाही. खरा पूर्वज १९६३ चा आहे. अमरोहा, फर्रुखाबाद आणि राजकोट या तीन पोटनिवडणुका काँग्रेस हरली. त्यानंतर ज्येष्ठांनी सत्ता सोडून पक्षकार्याला लागावं, अशी कामराज योजना पुढे आली. सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. ‘सरकारमधून मोकळं करा, पक्षाचं काम करतो’ ही भाषा तिथून आलेली आहे. संशयही तितकाच जुना आहे, कारण पंतप्रधानपदाच्या एका प्रबळ दावेदाराला बाजूला सारण्यासाठीच हा घाट घातला, असं तेव्हाही उघड बोललं गेलं. त्या सहा मंत्र्यांत १९५६ चे ते रेल्वेमंत्रीही होते. ते जानेवारी १९६४ मध्ये पुन्हा मंत्रिमंडळात आले आणि जूनमध्ये पंतप्रधान झाले. पद सोडणारा परततो, किंबहुना वर चढून परततो, ही समजूत घट्ट व्हायला एवढं पुरेसं होतं.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यानंतरचा महत्त्वाचा प्रसंग यवतमाळचा. १९७७ मध्ये सत्ता गेलेल्या माजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी २४ जानेवारी १९७८ रोजी तिथल्या सभेत आणीबाणीतल्या चुका आणि अतिरेकांची जबाबदारी स्वतःवर घेतली. इतर कुणी ती घ्यायला तयार नसले तरी आपण घेतो, असा त्यांचा सूर होता. त्याच महिन्यात, आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर शपथ घेऊन बोलायला मात्र त्यांनी नकार दिला होता. जिथे उलटतपासणी झाली असती तिथे नकार आणि जिथे टाळ्या पडणार तिथे कबुली, असं त्याचं चित्र उभं राहिलं. महिनाभरात राज्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि त्यांच्या नव्या पक्षाला बहुतेक जागा विदर्भानेच दिल्या. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. शंका असूनही लोक मतं देतात, म्हणजे त्यांनी कबुली मानलीच असं नाही. त्यांच्यापुढे दुसरे पर्याय काय होते, हेही बघावं लागतं.

मधली वर्षं सोडून थेट २०१४ वर येऊ, कारण आजच्या मतदाराच्या आठवणीत तिथूनचं सगळं ताजं आहे. त्या मे महिन्यात दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. बिहारमध्ये ४० पैकी अवघ्या २ जागा मिळालेल्या पक्षाचे मुख्यमंत्री नितीश कुमार यांनी १७ मे रोजी खरोखर राजीनामा दिला आणि आपल्याच पक्षातल्या एका सहकाऱ्याला खुर्चीवर बसवलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्या सहकाऱ्याला दूर करून ते स्वतः पुन्हा मुख्यमंत्री झाले. दिल्लीत १९ मे रोजी, ४४ जागांवर आलेल्या काँग्रेसच्या अध्यक्ष आणि उपाध्यक्षांनी कार्यसमितीत राजीनाम्याची तयारी दाखवली. त्याच बैठकीत ती एकमुखाने नाकारली गेली. पराभवाची कारणं शोधायला एका ज्येष्ठ नेत्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल ऑगस्टमध्ये अध्यक्षांकडे पोचला, लोकांसमोर आला नाही. जबाबदारी जाहीरपणे घ्यायची आणि तिचा हिशोब बंद खोलीत करायचा, हा प्रकार लोकांना तेव्हापासून खटकतो आहे.

२०१९ चा प्रसंग वेगळा होता, आणि हे मान्य करायलाच हवं. ५२ जागा मिळाल्यावर काँग्रेस अध्यक्षांनी २५ मे रोजी राजीनामा दिला, मनधरणीला दाद दिली नाही आणि ३ जुलैला चार पानी पत्र जाहीर केलं. पराभवासाठी अनेकांना उत्तरदायी धरावं लागेल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. अध्यक्षपदावर ते पुन्हा आले नाहीत. तरीही १० ऑगस्टला हंगामी अध्यक्षपद त्यांच्याच घरात गेलं आणि त्या पत्राचं वजन निम्मं झालं. राज्यात नांदेडची जागा हरलेल्या प्रदेशाध्यक्षांनीही पद सोडलं. डिसेंबरअखेर ते राज्यात मंत्री होते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी पक्षच सोडला.

एवढं सगळं पाहिलेला मतदार ५ जून २०२४ ला ती पत्रकार परिषद ऐकत होता.

त्या निकालाचे आकडे बहुतेकांना पाठ आहेत: ४८ पैकी महाविकास आघाडी ३०, महायुती १७, सांगलीत एक अपक्ष. फडणवीसांच्या भाजपने २८ जागा लढवल्या आणि ९ जिंकल्या. २०१९ मध्ये त्या २३ होत्या. मराठवाड्यात महायुतीच्या हाती फक्त छत्रपती संभाजीनगर राहिलं, विदर्भातल्या दहापैकी तीन. नाशिक, दिंडोरी, धुळे, अहमदनगर, शिर्डी हा कांद्याचा सलग पट्टा गेला.

आता मूळ वादाकडे. ही विनंती नेमकी कुणाला होती? मंत्र्याला सरकार सोडायचं असेल तर राजीनामा मुख्यमंत्र्यांकडे देतात आणि तो राज्यपालांकडे जातो. त्यासाठी पक्षाची परवानगी लागत नाही. इथे लेखी राजीनामा पुढे आला नाही. पुढे आली ती दिल्लीकडे केलेली विनंती. म्हणजे निर्णय स्वतःचा असूनही तो दुसऱ्याच्या हाती सोपवला गेला, आणि तो दुसरा काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. विधानसभा पाच महिन्यांवर असताना कुठला पक्ष आपला राज्यातला सर्वांत मोठा चेहरा सरकारबाहेर काढेल? ८ जूनला मुंबईतल्या पक्षाच्या बैठकीत त्यांनी आपण पळ काढणारे नाही, असं सांगितलं, केंद्रीय गृहमंत्र्यांशी झालेल्या भेटीचा उल्लेख केला आणि विषय संपला.

त्यांच्या बाजूनेही एक भक्कम मुद्दा आहे आणि तो टीकाकार हमखास विसरतात. ३० जून २०२२ रोजी, सत्तांतराच्या दिवशी, आपण मंत्रिमंडळाबाहेर राहणार असं याच नेत्याने जाहीर केलं होतं. काही तासांत पक्षाध्यक्षांचा आदेश आला आणि त्यांना उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घ्यावी लागली. जे पद मनाविरुद्ध स्वीकारलं ते सोडण्याची इच्छा खरी असू शकते. मला त्यांच्या भावनेवर शंका घ्यावीशी वाटत नाही. पण हाच मुद्दा उलटाही लागू होतो. नको असलेलं पद सोडण्याची तयारी म्हणजे पराभवाची किंमत मोजणं, हे मतदाराने का मानावं? शिवाय ‘मोकळं करा’ या मागणीत विधानसभेची सूत्रं अधिक घट्टपणे स्वतःकडे घेण्याची मागणीही होती. पराभवाबद्दलची शिक्षा आणि पुढच्या लढाईचं सेनापतिपद एकाच विनंतीत आलं, म्हणून ऐकणारा गोंधळला.

दुसरी अडचण त्याच पत्रकार परिषदेत होती. जबाबदारी माझी, असं सांगितल्यावर कारणांची यादी आली: राज्यघटना बदलणार असा विरोधकांनी केलेला प्रचार, मराठा आरक्षणाचा प्रश्न, कांदा, कापूस, सोयाबीन. आघाडी आणि महायुतीच्या मतांत जेमतेम ०.३ टक्क्यांचं अंतर असल्याचाही दाखला दिला गेला. आकडा बरोबर होता. पण पराभव माझ्यामुळे झाला आणि पराभव फारसा मोठा नव्हता, ही दोन्ही विधानं एका दमात ऐकली की पहिलं विधान पातळ होतं. मनमाड किंवा चांदवडच्या शेतकऱ्याला कारण आधीच माहीत होतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी लागली, ती मतदान सुरू असताना मे महिन्यात उठली, तीही ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. हा निर्णय केंद्राचा होता. त्याची जबाबदारी राज्यातल्या नेत्याने कितीही मनापासून घेतली, तरी ज्याने तो घेतला त्याने काय केलं, हा प्रश्न उरतोच. त्या प्रश्नावर ५ जूनला उत्तर नव्हतं.

महायुतीतल्या बाकीच्यांचं काय, हेही विचारलं गेलं. मुख्यमंत्र्यांच्या पक्षाने १५ लढवून ७ जिंकल्या, दुसऱ्या उपमुख्यमंत्र्यांच्या पक्षाने ४ लढवून १. मुख्यमंत्र्यांनी पराभवाची जबाबदारी सामूहिक असल्याचं सांगितलं. सामूहिक जबाबदारी म्हणजे व्यवहारात कुणाचीच नाही, हे सहकारी संस्थांच्या सभांना बसलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

खरं उत्तर शब्दांतून नाही, तिजोरीतून आलं. २८ जूनच्या अर्थसंकल्पात अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी योजना जाहीर झाली, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली. १३ सप्टेंबरला केंद्राने कांद्याचं किमान निर्यातमूल्य रद्द केलं आणि शुल्क निम्म्यावर आणलं. पराभवातून धडा घेतला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. पण आधीचं धोरण चुकलं होतं, असं बदल करताना कुणी म्हटलं नाही. चूक दुरुस्त झाली आणि चुकीची कबुली राहूनच गेली. नोव्हेंबरमध्ये महायुतीला २३० जागा मिळाल्या आणि ५ डिसेंबरला आझाद मैदानावर त्याच नेत्याने मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. ज्यांनी जूनमध्ये संशय घेतला त्यांना यात आपलं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं. विजयावरून जूनमधल्या हेतूचा निकाल लावणं योग्य नाही. पण लोकांची स्मृती असा बारीक भेद ठेवत नाही.

विधानसभेत हरलेल्यांचंही फार वेगळं झालं नाही. जूनमध्ये १७ पैकी १३ जागा जिंकून देणारे म्हणून गौरवले गेलेले काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष साकोलीत अवघ्या २०८ मतांनी निवडून आले आणि राज्यात पक्ष १६ जागांवर आला. त्यांनी पदमुक्त करण्याची विनंती करणारं पत्र दिल्लीला पाठवलं. नवे प्रदेशाध्यक्ष १३ फेब्रुवारी २०२५ रोजी नेमले गेले. मधल्या काळात सगळी चर्चा मतदानयंत्रांभोवती फिरत राहिली. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर चाचणी मतदान ठरवलं, प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं. यंत्रांबद्दलच्या शंकांना उत्तर मिळायला हवं, यात वाद नाही. पण सगळा दोष यंत्राचा असेल, तर उमेदवारी वाटपातला घोळ, जागावाटपाची ओढाताण यांची जबाबदारी घ्यायला कुणी उरत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारमध्ये या मालिकेतला अगदी वेगळा प्रकार दिसला. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत एकही जागा न मिळालेल्या जन सुराज या नव्या पक्षाच्या संस्थापकाने, प्रशांत किशोर यांनी, पराभवाची शंभर टक्के जबाबदारी स्वतःवर घेतली, मतदारांची माफी मागितली आणि गांधीजींच्या भितिहरवा आश्रमात एक दिवस मौन पाळलं. ही कबुली पक्षश्रेष्ठींना नव्हती, लोकांना होती, आणि म्हणून ती मला आधीच्या बहुतेकांपेक्षा सरस वाटते. पण सत्ताधारी मुख्यमंत्र्यांच्या पक्षाला २५ पेक्षा जास्त जागा मिळाल्या तर राजकारण सोडेन, असं त्याने निवडणुकीआधी सांगितलं होतं, आणि त्या पक्षाला ८५ मिळाल्या. त्याबद्दल विचारल्यावर, आपल्याकडे पदच नाही तर राजीनामा कशाचा द्यायचा, असं उत्तर आलं.