वस्तऱ्याची स्वच्छता

वस्तऱ्याची स्वच्छता : दाढी किंवा मुंडण करताना होणारा त्वचेचा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी वस्तऱ्याचे पाते, ते धरणारी मूठ आणि सोबतची साधने धुण्याची, निर्जंतुक करण्याची व कोरडी ठेवण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर शहर व परिसरातील व्यवहार विशेषकरून विचारात घेतला आहे.

बलुतेदारीच्या काळात नाभिकाच्या धोकटीत असणारा वस्तरा म्हणजे मुठीत दुमडणारे अखंड पोलादी पाते होते. त्याला दगडावर धार लावून दाढीपूर्वी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवीत असत. आज शिवाजी पेठेपासून राजारामपुरीपर्यंतच्या दुकानांत बहुधा पाते बदलता येणारा वस्तरा दिसतो. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग वस्तऱ्याच्या खाचेत बसवतात आणि दाढी झाल्यावर टाकून देतात. या बदलामुळे धोका पुष्कळ कमी झाला हे खरे. परंतु ‘नवे ब्लेड घातले’ एवढ्यावर गिऱ्हाईक व कारागीर दोघेही निश्चिंत होतात, हे योग्य नाही. खाचेत अडकलेला फेस, केस आणि रक्ताचा अंश तेथेच राहतो व त्याच खाचेत पुढचे पाते बसते.

रक्त दिसले नाही तरी दाढी करताना त्वचेचा वरचा थर खरवडला जातो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. अनेक निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवर वास करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू या चिरांतून केसांच्या मुळाशी शिरला, की पुटकुळ्या किंवा केसतूड होते. चपट्या चामखिळीचे विषाणू पात्यासोबत ओढले जाऊन एका रेषेत नव्या चामखिळी उठतात. दाढीच्या भागातील नायटा कवकामुळे होतो. वस्तऱ्याने व टॉवेलने तो पसरू शकतो, पण त्याचा एक प्रकार थेट गुराढोरांकडून येतो. करवीर, कागल, पन्हाळा या दुभत्या जनावरांच्या तालुक्यांत, धार काढताना ज्याचा गाल म्हशीच्या अंगाला लागतो अशा माणसाच्या दाढीत नायटा उठला, तर केवळ न्हाव्याला दोष देण्यापूर्वी गोठ्याकडेही पाहावे. तसेच कुरळ्या, राठ दाढीचे केस वळून पुन्हा त्वचेत घुसल्याने येणारे फोड हा मुळात संसर्गच नव्हे. तेथे उपाय आहे तो दाढी कमी खोल करण्याचा.

रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांत कावीळ-ब महत्त्वाची आहे, कारण तिचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान ७ दिवस संसर्गक्षम राहतो. बालकांच्या लसीकरणात ही लस देशभर २०११ पासून आल्यामुळे आज दुकानात दाढीला बसणाऱ्या पुष्कळ प्रौढांना ती मिळालेली नाही. कारागिराने ती घ्यावी हे तर उघडच आहे, कारण पाते मोडताना पहिल्यांदा त्याचेच बोट कापते. एचआयव्हीचा प्रसार या मार्गाने अत्यंत विरळ आहे.

कोल्हापूरच्या तालमींमुळे या विषयाला एक स्थानिक बाजूही आहे. हळद, ताक, तेल घालून मळलेल्या तांबड्या मातीत पैलवानांचे चेहरे, माना व खांदे एकमेकांवर घासले जातात. नुकत्याच केलेल्या दाढीच्या चिरा उघड्या असताना लढत दिली, तर एकाचा नायटा किंवा पू दुसऱ्याकडे जाण्यास वाट मिळते. म्हणून कुस्तीच्या अगदी आधी दाढी टाळणे आणि तालमीत एकच वस्तरा अनेकांनी न वापरणे हितावह असते.

स्वच्छतेत क्रम महत्त्वाचा आहे. आधी साबण व वाहत्या पाण्याने ब्रशने घासून केस, फेस आणि रक्त काढावे लागते, कारण मळाखालच्या जंतूंपर्यंत औषध पोचत नाही. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये वस्तरा सुमारे १० मिनिटे बुडवून ठेवावा व हवेत वाळू द्यावा. अल्कोहोलचा नुसता बोळा फिरवणे पुरेसे नसते. ब्लीचच्या द्रावणाने जंतू मरतात, पण पोलाद गंजते. उकळल्याने बहुतेक जंतू मरतात, परंतु काही जिवाणूंचे बीजाणू (त्यांची कठीण कवचातील सुप्त रूपे) टिकतात. त्यांच्यासाठी दाबाखालील वाफ, म्हणजे १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे, लागते. निळ्या दिव्याच्या पेटीबद्दल दुकानांत फार विश्वास आढळतो. मात्र अतिनील किरण जेथे सावली पडते तेथे काम करीत नाहीत, आणि खाच ही कायम सावलीतच असते. वाटीतल्या पाण्यात जंतुनाशकाचे चार थेंब टाकून दिवसभर तेच पाणी वापरणे तर निव्वळ समाधानापुरते आहे.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे तुरटी. ती रक्त थांबवते, म्हणूनच ती नेमकी कापलेल्या जागेवर फिरते, आणि तोच खडा पुढच्या गालावर जातो. तुरटीची पूड कापसाच्या नव्या बोळ्यावर घेऊन लावावी आणि बोळा टाकून द्यावा. चामड्याचा पट्टा निर्जंतुक करता येत नाही. त्यामुळे अखंड पात्याचा वस्तरा एकाच मालकाने घरी वापरावा, सार्वजनिक दुकानात नव्हे, असेच म्हणणे प्राप्त आहे.

पावसाळ्यातील दमट हवेत अखंड पाते लवकर गंजते. गंज स्वतः धनुर्वात करीत नाही. धनुर्वात मातीतल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे होतो. पण गंजलेली धार खडबडीत होऊन त्वचा अधिक ओरबाडते, म्हणून पाते पुसून त्यावर तेलाचा पातळ हात द्यावा आणि पुढच्या दाढीपूर्वी ते धुवावे. वापरलेली ब्लेडे उघडी कचऱ्यात टाकल्यास सफाई कामगारांचे हात कापतात. झाकणाच्या जाड डब्यात ती साठवून, डबा चिकटपट्टीने बंद करून व त्यावर तसे लिहून वेगळा द्यावा.