मुजोर घोडा: लगाम न जुमानणाऱ्या घोड्याला बाहेर नेताना

मुजोर घोडा म्हणजे लगाम ओढला तरी न थांबणारा, उलट तोंडाचा जोर लावून रायडरच्या हातातून लगाम खेचून घेणारा घोडा. मुजोर हा शब्द आपण आता शेजाऱ्यापासून पुढाऱ्यापर्यंत कुणालाही लावतो, पण तो मूळचा घोड्याचाच, हिंदीतलं मुँहजोर, ज्याचा जोर तोंडात आहे तो. असा घोडा रिंगणात बऱ्याचदा शहाण्यासारखा चालतो आणि मोकळ्या माळावर, कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर किंवा चार घोड्यांच्या सोबतीत नेला की पार बदलतो. मग लोक म्हणतात याचं तोंड दगड झालंय, याला कडक लगाम घाला. इथेच सगळी गडबड सुरू होते, कारण घोड्याचं तोंड दगड होत नसतं.

तोंडात काय असतं

घोड्याचे पुढचे पटाशीचे दात आणि मागच्या दाढा यांच्या मध्ये खालच्या जबड्यावर दोन्ही बाजूंना रिकामी जागा असते. तिथे दात नाही, नुसती पातळ हिरडी आणि तिच्या खाली लगेच हाडाची अरुंद धार. लगामाचं लोखंड, जुन्या मराठीत कडियाळं, आता सगळे बिट म्हणतात, ते नेमकं या जागी आणि जिभेवर बसतं. आपल्या नडगीवर लोखंडी सळई दाबून बघा म्हणजे अंदाज येईल.

त्यात दातांची भानगड वेगळी. घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून वर सरकत राहतात आणि चारा चावून झिजत राहतात, पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे झीज सारखी होत नाही, वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने धारदार कडा येतात. नाकपट्टी आवळली की गाल त्या कडांवर दाबला जातो आणि आतून कापतो. शिवाय बऱ्याच घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढे एक छोटा बिनकामाचा दात असतो, त्याला वुल्फ टूथ म्हणतात, बिट त्याला लागलं की घोडा डोकं झटकतो. म्हणून तो दात बहुतेक वेळा काढूनच टाकतात. दाढा वर्षातून एकदा कानशीने घासून घ्याव्या लागतात, वय कमी असेल तर सहा महिन्यांनी दाखवावं. आपल्याकडे नालबंद वेळेवर येतो पण दातांकडे बघायला कुणाला फुरसत नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विरोध करतो म्हणजे काय करतो

कुणी डोकं आकाशात उचलून पळतो, म्हणजे बिट हिरडीवरून सरकून ओठांच्या कोपऱ्यात जातं आणि त्याचा उपयोग संपतो. कुणी उलट हनुवटी छातीला लावतो, दिसायला मान छान कमानदार दिसते पण लगाम सैल पडून हातात काहीच उरत नाही आणि त्याला धड पुढचंही दिसत नाही. कुणी जीभ बिटच्या वर काढून घेतो, कुणी जबडा आडवा फिरवतो, कुणी नुसतं सगळं वजन रायडरच्या हातावर टाकून रेटत राहतो. लगाम दाढेखाली धरला असं म्हणतात ते काही घोडे खरंच करतात, पण जास्त वेळा तो जबडा आणि मान घट्ट करून टाकतो आणि आपल्याला वाटतं त्याने चावून धरलाय.

आता साधा हिशोब बघा. चारशे-पाचशे किलोचं जनावर आणि साठ-सत्तर किलोचा माणूस. ताकदीने हा सामना कधीच जिंकता येत नाही. आणि घोड्याला टेकायला काहीतरी लागतं, ते आपण देतो! सतत एकसारखा ताणलेला लगाम म्हणजे त्याच्यासाठी भिंत, तो तिच्यावर रेलतो. हात ढिला केला की रेलायला काही उरत नाही. ही गोष्ट ऐकायला सोपी आहे पण घोडा पळत असताना हात ढिला करायला छातीत दम लागतो.

रेसमधून आलेल्या घोड्यांचं तर गणितच उलटं. मुंबई-पुण्याच्या रायडिंग स्कूलमध्ये रेसमधून रिटायर झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, बरेच असतात. त्यांना लहानपणापासून बिटवर रेलून पळायचं शिकवलेलं असतं, जॉकी लगाम घट्ट धरतो आणि घोडा त्या धरण्यावर तोल घेऊन पळतो. अशा घोड्यावर नवीन माणूस घाबरून लगाम खेचतो तेव्हा त्याच्या भाषेत अर्थ होतो, चल पळ. तो आज्ञाच पाळत असतो बिचारा, आणि शिक्का बसतो मुजोर म्हणून. माथेरानला बाहेरच्या मोटारगाड्यांना बंदी आहे, तिथे घोड्यांवर दिवसभर नवे नवे लोक बसतात आणि प्रत्येक जण तोल जाईल म्हणून लगामालाच लटकतो, अशा तोंडाने लगामाचं बोलणं ऐकणं सोडून दिलं तर त्यात दोष कुणाचा?

खाणं, तबेला, पाठ

लगामाकडे बोट दाखवण्याआधी चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या खुराकाच्या, पाटीकडे बघावं. दिवसाचे तेवीस तास तबेल्यात उभा, वर भरपूर ओट्स आणि हरभरा, आणि रविवारी सकाळी एकदम माळावर, मग तो उडणारच. काम कमी तर चंदी कमी, चारा जास्त, हा जुना नियम आहे. सुट्टीच्या दिवशी पूर्ण चंदी देऊन दुसऱ्या दिवशी जोरात काम घेतलं तर मागच्या पायांचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात, घोडा जागेवर लाकूड होतो, लघवी कॉफीसारखी होते, तेव्हा डॉक्टर येईपर्यंत त्याला चालवायचंसुद्धा नसतं. दाण्यावर ठेवलेल्या घोड्यांना पोटात अल्सरही होतात आणि पोट दुखणारा घोडा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळतानाच कान मागे टाकतो. खोगीर पाठीला लागत असेल तरी घोडा पळतो, कारण दुखण्यापासून पळणं एवढंच त्याला येतं, त्याच्या पूर्वजांचा जीव तसाच वाचत आला.

सामान

स्नॅफल हे सगळ्यात साधं बिट, जेवढं ओढलं तेवढंच तोंडात पोचतं. पेल्हम किंवा कर्ब यांना खाली दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असते, त्यामुळे तरफेसारखं काम होतं, थोडं ओढलं तरी दाब कितीतरी पट. हलक्या आणि शिकलेल्या हातात हे चालतं, बाहेर जाताना काही जण मुद्दाम तात्पुरतं घालतात आणि सुरक्षिततेसाठी ते चूकही नाही. पण कच्च्या हातात कडक बिट म्हणजे थोडे दिवस ब्रेक लागतो, मग घोडा त्याच्याशीही भांडायला शिकतो आणि अजून कडक बिट शोधायची पाळी येते. बिटलेस लावलं म्हणजे आपोआप मवाळ होतं असंही नाही, दांड्यांचं हॅकामोर, म्हणजे बिटाऐवजी नाकावर दाब देणारा लगाम, नाकाच्या नाजूक हाडावर चांगलंच दाबतं.

डोकं उचलणाऱ्या घोड्याला जेरबंद लावतात, तंगापासून पुढच्या पायांमधून छातीवर येणारा पट्टा. पेपरात बिबट्या जेरबंद असं वाचतो ना, तो शब्द इथलाच. रिंगांचा जेरबंद असेल तर लगाम रिंगांतून जातो, आणि घोड्याची मान नेहमीच्या जागी असताना त्याने लगाम खाली ओढला जाता कामा नये, नाहीतर दिवसभर तोंडात खेच बसते. नाकपट्टीखाली नाकाच्या हाडावर दोन बोटं जायला हवीत. नाकपट्ट्या अती आवळण्याचा प्रकार स्पर्धांमध्ये एवढा वाढला की २०२५पासून एफईआयने, म्हणजे घोडेस्वारीच्या जागतिक महासंघाने, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ते मोजायला ठरलेलं मापच आणलं.

आणि काटेरी लगाम, आतून खिळे असलेला, तो आपल्याकडे वरातीच्या आणि नाचाच्या घोड्यांच्या तोंडात अजून दिसतो. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांबद्दलच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत खिळे, गाठी, टोकं असलेलं कुठलंही बिट वापरायला सरळ बंदी आहे, बसायच्या घोड्यालासुद्धा. कुणी म्हणेल आमचा घोडा त्याशिवाय ऐकत नाही. रक्ताच्या फेसाने ऐकणारा घोडा ऐकत नसतो, तो सहन करत असतो.

बाहेर नेताना

निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं रिंगणात चाल, थांब, मागे, वळण एवढं करून घ्यावं, तिथे थांबत नसेल तर त्या दिवशी बाहेर जाऊच नये. सोबतीला एक शांत, वयाने मोठा घोडा हवा. पुढे ठेवायचं की मागे हे घोड्यावर आहे, काही मागे राहिले की पिसाळतात, काही पुढे गेले की बिचकतात. दोघांनी एकदम दौड सोडायची नाही, मुजोर घोड्याच्या डोक्यात ती शर्यतच असते. एकाच ठिकाणी रोज कँटर, म्हणजे हलकी दौड, घेतला तर तो त्या वडाच्या झाडापाशी आपोआप सुटतो, म्हणून जागा बदलत राहायच्या, आणि घराकडे तोंड करून कधीही पळवायचं नाही. कँटर घ्यायचाच तर चढावर घ्यावा, चढ फुकटात ब्रेक लावतो.

वर बसल्यावर लगाम गळ्याशी थोडा आखूड, पण हात जिवंत. धरलं, सोडलं, धरलं, सोडलं, बोटांनी, खांद्याने नाही. घोड्याने एक पाऊल जरी हळू केलं तरी त्याच क्षणी बोटं उघडायची, कारण तो शिकतो ते ढिलं मिळाल्यावर, ओढल्यावर नाही. मांड खोल, टाच खाली, वरचं अंग सरळ. घाबरलं की माणूस पुढे वाकतो आणि पोटऱ्या आवळतो, घोड्याच्या लेखी दोन्हीचा अर्थ वेग असाच. श्वास सोडा, आवाजात होऽऽ म्हणा, खोटं वाटेल पण उपयोग होतो. गळ्यात एक साधा पट्टा बांधून ठेवावा, तोल गेला तर तो धरायचा, तोंड नाही. लगाम मनगटाला गुंडाळणं तर कधीच नको, पडलात तर फरफटत जाल.

सुटलाच तर पुली रेन करतात. दोन्ही लगाम आखूड करायचे, एक मूठ आयाळीत मानेवर घट्ट रोवायची आणि दुसऱ्या हाताने वर आणि मागे एक जोरदार खेच, लगेच सोड, परत खेच. जागा मोठी असेल तर मोठं वर्तुळ घेऊन ते हळूहळू लहान करत आणावं. भरधाव असताना एका लगामाने मान एकदम वळवू नका, पाय अडकून दोघं पडता, आणि डांबरी रस्त्यावर नाल घसरतात ते वेगळंच. मुजोर आणि उधळलेला यातला फरकही ओळखावा, मुजोर घोड्याचे कान हलत असतात, तो तुमचं ऐकतोय फक्त मानत नाही. उधळलेल्याला काही ऐकूच येत नाही, तिथे फक्त वर टिकून राहायचं आणि वाट मोकळी बघायची.

माझ्या हातात एक खच्ची केलेला लाल घोडा होता, सगळे त्याला पेल्हमच घालायचे आणि तरी तो कालव्यावर हात उपटायचा, संध्याकाळी माझ्या करंगळीजवळची कातडी सोललेली असायची. एकदा डॉक्टरांनी तोंड उघडं ठेवणारा साचा लावून आत बॅटरी मारली, दोन्ही गालांना आतून लांब चिरा, काही जुन्या पांढऱ्या पडलेल्या, काही ताज्या. दाढा घासल्या, दोन आठवडे बिटच नाही, नुसत्या म्होरकीवर पायी फिरवलं, मग जाड स्नॅफल. डोकं झटकणं थांबलं ते थांबलंच. घराकडे ओढायचा तो मात्र पुढे कित्येक महिने ओढत राहिला, ती सवय होती आणि सवय जायला वेळ लागतो, रोज शेवटचा किलोमीटर उतरून त्याच्या शेजारून चालत यायचे तेव्हा कुठे ती हळूहळू गेली.

आता कुठलाही घोडा फिरून आला की लगाम काढताना आधी तंग सैल, मग बिट दातांवर न आपटता खाली सोडायचं, त्याला स्वतःहून तोंडातून टाकू द्यायचं, आणि ओठाचा कोपरा अंगठ्याने हलकेच उलटून बघायचा. गुलाबी आणि ओलसर असेल तर ठीक. लाल रेघ दिसली तर उद्या बिट नाही.