आकडा तोच, गाव दुसरं

पुण्याच्या पश्चिमेला हिंजवडी, पूर्वेला वाघोली. दोन्हीकडे शेतं गेली आणि इमारती आल्या, हे सांगायला उपग्रह लागत नाही. पण कोणत्या वर्षांत किती जमीन गेली आणि कशाच्या जागी काय आलं, हे मोजायचं तर वरूनच बघावं लागतं. लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती सगळ्यांना फुकट मिळतात. २०१५ मध्ये सेंटिनेल-२ आला. त्याच्या सर्वांत बारीक चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा असतो, म्हणजे जवळपास एक गुंठा! गुंठ्यागुंठ्याने विकली जाणारी जमीन आता गुंठ्यागुंठ्याने मोजताही येते.

अवरक्त (इन्फ्रारेड) किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण उपग्रहाला दिसतात. सिमेंट-काँक्रीट त्यांतले लघुतरंग अवरक्त किरण जास्त परावर्तित करतं, तर हिरवं पीक निकट अवरक्त. या दोहोंच्या फरकावरून बांधीव भाग ओळखतात. मात्र मे महिन्यात नांगरून पडलेलं कोरडं रानही जवळजवळ तसंच दिसतं. उन्हाळ्यातलं चित्र पावसाळ्यानंतरच्या चित्राशी ताडून पाहिलं, तर न बांधलेलं शहरही वाढलेलं दिसेल. म्हणून तुलना त्याच हंगामातल्या चित्रांची करावी.

खरी गंमत जमिनीची विविधता मोजताना येते. त्यासाठी शॅनन निर्देशांक वापरतात: प्रकार जितके जास्त आणि त्यांचे वाटे जितके सारखे, तितका आकडा मोठा. समजा, एका गावात ९० टक्के शेती आणि १० टक्के माळरान आहे. निर्देशांक येतो ०.३३. पुढे शेती ४५ टक्क्यांवर आली, बांधकामही ४५ टक्के झालं, की तो ०.९५ वर चढतो. आणि शेवटी ९० टक्के बांधकाम, १० टक्के माळरान उरलं, की पुन्हा ०.३३! एकही शेत शिल्लक नाही, तरी आकडा पहिल्या दिवसाचाच. मधल्या काळात तर विविधता वाढली म्हणून कुणी खूशही होईल.

त्यामुळे नुसता निर्देशांक छापणं मला अपुरं वाटतं. जुन्या आणि नव्या नकाशातला ठिपकान् ठिपका जुळवून कशाचं काय झालं याचा तक्ता सोबत हवाच. मुळशीकडची भातखाचरं पावसाचं पाणी बांधाआड धरतात. ती बुजली की तेच पाणी थेट ओढ्याकडे धावतं. बांधकामाखाली खाचर गेलं का माळ गेला, हे त्या तक्त्यातच कळतं. विकास आराखड्यावर हरकती मागवताना तो लोकांसमोर ठेवायला हवा.