कपाचा कान

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती. वय पावणेपाच, इयत्ता छोटा शिशू. तिच्यापुढे चहाचा कप ठेवला, पण कान पलीकडच्या बाजूला वळवून, तिला दिसणार नाही असा. कपावर एक लाल फूल होतं, ते तिच्याकडे तोंड करून. म्हटलं, समोर दिसतंय तसं काढ.

तिनं जीभ बाहेर काढून काम सुरू केलं. कप आला. त्याला उजव्या बाजूला भलामोठा कान आला, हत्तीला शोभेल असा. फुलाचा पत्ता नाही.

"कान दिसतोय का तुला?"

"नाही."

"मग काढलास कसा?"

"कपाला असतो."

विषय संपला. तिच्या दृष्टीनं प्रश्नच खुळचट होता.

हा खेळ माझ्या डोक्यातून आलेला नाही. १९७२ साली नॉर्मन फ्रीमन आणि जॅनिकून या संशोधकांनी पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपुढे असाच कप ठेवला होता. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल गाळलं. साधारण आठ वर्षांच्या आसपास चित्र पालटलं: कान गेला, फूल आलं. फ्रान्समध्ये लुके नावाच्या अभ्यासकानं त्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. १९२७च्या पुस्तकात त्यानं मांडलं की लहान मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला माहीत असतं ते काढतं. कप म्हणजे ज्याला कान असतो ते भांडं. कान नसेल तर तो पेला, नाहीतर वाटी. फूल असलं काय, नसलं काय.

मग मुलांना कान दडलाय हे कळतच नाही का? पुढे अॅलिसन डेव्हिस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक छान युक्ती केली. त्यांनी एका कपाऐवजी दोन कप शेजारी ठेवले, एकाचा कान दिसणारा, एकाचा मागे गेलेला. आता तीच लहान मुलं एका कपाला कान काढतात आणि दुसऱ्याचा सोडून देतात! आमच्याकडेही दुसऱ्या दिवशी नेमकं तेच झालं. म्हणजे डोळा ठीक आहे, हातही ठीक आहे. फक्त मूल चित्र 'काढत' नसतं, ते सांगत असतं. एकच कप असेल तर 'हा कप आहे' एवढं सांगायचं असतं. दोन असले की 'हे दोन वेगळे आहेत' हे सांगावं लागतं.

एवढं लक्षात आलं की मुलांच्या वहीतल्या पुष्कळ गमती उलगडतात. दीड वर्षाचं पोर मुठीत खडू धरून गिरगटतं, त्याला रेघ उमटण्याचीच मौज असते. तिसऱ्या वर्षी बंद गोल जमतो. चौकोन चारच्या पुढे, त्रिकोण पाचच्या सुमाराला. शंकरपाळ्याचा आकार मात्र सहा-सात वर्षांचं होईपर्यंत हातात येत नाही, कारण तिरप्या रेघा कुठून कुठे न्यायच्या हे ठरवणं आडव्या-उभ्यापेक्षा फार अवघड जातं. बालरोगतज्ज्ञ मुलाची वाढ तपासताना हेच आकार काढून बघायला सांगतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी माणूस येतो तो बेडूकमाशासारखा: एक मोठं डोकं आणि त्यातूनच निघालेले दोन पाय. पोट नाही, मान नाही. पोट कुठे आहे विचारलं तर बोट बरोबर ठेवतं. मग घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात, आईच्या पोटात बाळ दिसतं. आभाळ म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला निळी पट्टी, जमीन म्हणजे खालची कड, मधे हवा. यातलं काहीही 'चुकलेलं' नाही. आणि तरी बालवाडीत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कुठलं, तर 'रेघेच्या बाहेर जाऊ नकोस.' दुसऱ्याच कुणीतरी काढलेल्या, छापील सफरचंदाच्या रेघेच्या.

पहिली-दुसरीनंतर महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल एक चित्र काढतं. ते मी काढलं, तुम्हीही काढलं असणार. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, मराठी चार उलटा करून उडवल्यासारखे पक्षी, डोंगरातून थेट अंगणात येणारी नदी, कौलारू झोपडी आणि एक वाकलेलं नारळाचं झाड. लातूरच्या मुलाच्या चित्रातही नारळ असतोच. हे शिकवतं कोण? बहुतेक वेळा शेजारच्या बाकावरचा मुलगा. ब्रेंट आणि मार्जरी विल्सन या अमेरिकी कलाशिक्षकांनी १९७०च्या दशकात मोठ्या मुलांना त्यांच्या चित्रांविषयी खोदून विचारलं, तेव्हा बहुतेक आकारांचा उगम आधी पाहिलेल्या दुसऱ्या एखाद्या चित्रात निघाला. मूल निसर्ग पाहून निसर्गचित्र काढत नाही, निसर्गचित्र पाहून काढतं. यात वाईट काही नाही, भाषाही आपण अशीच शिकतो. वाईट होतं ते पुढे.

नऊ-दहाव्या वर्षी मुलाला स्वतःचं चित्र डोळ्यांनी तपासता येऊ लागतं. घोडा घोड्यासारखा दिसत नाही, हे त्याचं त्यालाच कळतं. जाण वाढते, हात मागे राहतो. 'मला चित्र येत नाही' हे वाक्य घरोघरी याच वयात पहिल्यांदा कानावर येतं. जेसिका डेव्हिस (या वेगळ्या डेव्हिस, हार्वर्डच्या) यांनी आनंद, दुःख आणि राग यांची चित्रं वेगवेगळ्या वयाच्या लोकांकडून काढून घेतली आणि जाणकारांना गुण द्यायला लावले. पाच वर्षांची मुलं मोठ्या कलावंतांच्या जवळ पोहोचली, आठ आणि अकरा वर्षांची मुलं खाली घसरली. इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख. तो फार गाजला. मात्र पुढे मॉन्ट्रियलमध्ये पॅरिसर आणि व्हॅन डेन बर्ग यांनी चिनी समाजातल्या परीक्षकांना अशीच चित्रं दाखवली, तर हा खड्डा दिसेना. त्यांना सरावलेला हात जास्त मोलाचा वाटला. तेव्हा मुलांची कला नवव्या वर्षी मरते हे विधान निम्मं परीक्षकाच्या आवडीवर उभं आहे. मुलाला मात्र आपलं मरण झालंय असं खरोखरच वाटतं, आणि त्याला हात द्यायची नेमकी वेळ हीच असते.

भाचीचा मोठा भाऊ सातवीत आहे. तो यंदा एलिमेंटरीला बसलाय. कला संचालनालयाची ही शासकीय रेखाकला परीक्षा आणि तिच्या पुढची इंटरमिजिएट यांची नावं महाराष्ट्रात कुठल्याही शाळेत ओळखीची आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. चित्रकलेच्या परीक्षेत भूमिती का, असं मला लहानपणी वाटायचं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये सरकारी कलाशिक्षणाचे प्रमुख हेन्री कोल यांच्या देखरेखीखाली आखलेल्या अभ्यासक्रमाची पहिली पायरीच साधनांनी रेषा आखणं ही होती. कारखान्यांना आणि बांधकामांना नेटके हात हवे होते. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूलवरही त्या वळणाची छाया होती. आपल्या कंपासपेटीत ती अजून आहे.

पण वस्तुचित्राच्या पेपराबद्दल मला आदर आहे. भाच्यापुढे तोच कप ठेवला. त्यानं तोंड जवळजवळ पूर्ण गोल काढलं आणि बूड पट्टीनं आखल्यासारखं सरळ. ही चूक जवळपास सगळ्यांची होते, आणि तिचं कारण सुंदर आहे. ताटात वरण वाढून घेताना डोळ्याच्या पडद्यावर ताट लंबगोल उमटतं, पण आपल्याला ते गोलच 'दिसतं'. मेंदू वस्तूचा खरा आकार लावून देतो, नाहीतर मान हलवली की जग आकार बदलत बसेल. कपाचं तोंड गोल आहे हे माहीत, म्हणून गोल. कप टेबलावर सपाट बसलाय हे माहीत, म्हणून बूड सरळ. म्हणजे सातवीतला हा घोडा आणि त्याची पावणेपाच वर्षांची बहीण एकच गोष्ट करत होते! १९९७ साली कोहेन आणि बेनेट यांनी मोठ्या माणसांवर प्रयोग करून जवळपास हेच म्हटलं: आपल्याला हुबेहूब काढता येत नाही, त्याचं मुख्य कारण हात नव्हे, समोरची वस्तू आपण चुकीची पाहतो हे आहे.

उपाय शाळेतले कलाशिक्षक पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. हात ताठ, पेन्सिल आडवी, एक डोळा मिटलेला. कप उचलून नजरेच्या पातळीला आणला तर त्याचं तोंड ही नुसती एक सरळ रेघ होते. हळूहळू खाली नेला की रेघ फाकते, लंबगोल होतो, खाली जाईल तसतसा अधिक गोल. म्हणून टेबलावरच्या कपाचं बूड तोंडापेक्षाही जास्त वक्र यायला हवं. भाच्यानं पेन्सिलीनं मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाला, "हे खोटं वाटतं." वाटणारच. पाहायला शिकणं म्हणजे घडीभर माहिती बाजूला ठेवणं.

स्मरणचित्राचा मात्र सगळा घोळ झालाय. स्मरणातून काढायचं चित्र मुलं तोंडपाठ करतात. छत्रीवाली बाई, पाठमोरा मुलगा, फुगेवाला. या तीन माणसांवर जत्रा, बाजार, पावसाळा, बसस्टॉप काहीही निभावतं. माझ्या शाळेत सर फळ्यावर काढत आणि आम्ही पन्नास जण उतरवून घेत असू; पन्नास फुगेवाले, सगळ्यांचा डावा हात तुटका, कारण फळा तिथे संपायचा. महाराष्ट्रातच, वर्ध्याजवळ सेवाग्रामला, देवीप्रसाद यांनी १९४४पासून गांधीजींच्या नई तालीम शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवली होती. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली घडलेला हा माणूस कलेला शिक्षणाचा पाया मानत होता. ते सेवाग्राम आणि आमचा फळा एकाच राज्यातले.

आता पालकांचा लाडका प्रश्न. चित्रकलेनं, गाण्यानं बुद्धी वाढते का? १९९३ साली 'नेचर'मध्ये एक छोटा लेख आला: ३६ कॉलेजकुमारांनी मोझार्ट दहा मिनिटं ऐकला आणि आकारांची कोडी थोडी बरी सोडवली. परिणाम दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही. तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. तान्ह्या बाळांवर तो प्रयोग झालाच नव्हता. २००४ साली मानसशास्त्रज्ञ शेलेनबर्ग यांनी टोरांटो भागात सहा वर्षांच्या १४४ मुलांना चिठ्ठ्या टाकून वाटलं: काही कीबोर्डला, काही गाण्याला, काही नाटकाला, काही कशालाच नाही. वर्षभरानं संगीतवाल्यांचा बुद्ध्यंक सरासरी सात गुणांनी चढला, बाकीच्यांचा चारेक. फरक होता, पण जेमतेम. नाटकवाली मुलं मात्र माणसांत मिसळण्यात पुढे गेली. साला आणि गोबे या संशोधकांनी २०२० साली अशा ५४ अभ्यासांची, जवळपास ७००० मुलांची, एकत्र बेरीज केली. संगीताची तुलना दुसऱ्या एखाद्या रंजक उपक्रमाशी नीट केली की बुद्धीवरचा परिणाम शून्याला टेकतो.

मला हे वाचून हायसं वाटलं. गाण्याला गणिताच्या दारात उभं राहून वाटी पसरायला लागू नये. ह्यूस्टनमध्ये ४२ शाळांचा प्रयोग झाला. सोडत काढून काही शाळांना कलावंत, नाटकं आणि संग्रहालयाच्या भेटी मिळाल्या. तिथे शिस्तभंगाच्या तक्रारी घटल्या, मुलांचं लेखन सुधारलं, दुसऱ्याबद्दलची कणव वाढली. दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहणं नाटकात रोज करावं लागतं, तेव्हा यात चमत्कार नाही. जे शिकवलं ते आलं.

आपल्याकडे इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: ए ला ७, बी ला ५, सी ला ३. त्यामुळे परीक्षार्थींची रांग लांबते हे खरं, आणि त्या रांगेमुळे कलाशिक्षकाला शाळेत चार माणसं विचारतात हेही खरं. म्हणून मी गुणांवर तोंडसुख घेत नाही.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी भाच्याचं बूड जमलं. खरोखर टेबलावर बसलेला कप, सावलीसकट. शेजारी भाची खिडकीत दूध पीत होती, कप दोन्ही हातांत धरून, डोळे कपात. उजेड तिच्या एका गालावर. मी म्हटलं, आता हिला काढ बरं, ही अशी बसलीय तोवर.

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे.

"हे पेपरला येत नाही," म्हणाला, आणि पट्टी-कर्कटक काढून भूमितीला बसला.