शिश्नताठरता-दोषाची प्राणी-प्रारूपे

शिश्नाला ताठरता न येणे किंवा ती न टिकणे, या दोषाची कारणे शोधण्यासाठी आणि औषधे तपासण्यासाठी प्रयोगशाळेतील प्राण्यात तोच बिघाड मुद्दाम घडवतात. अशा प्राण्याला त्या दोषाचे प्रारूप, रोजच्या बोलीत ‘मॉडेल’, म्हणतात. पूर्वी कुत्रा, माकड आणि ससा यांवर काम झाले. आता बहुतेक काम पांढऱ्या रॅटवर, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरावर, होते. माऊस, म्हणजे लहान उंदीर, जनुकीय अभ्यासाला सोयीचा, पण त्याच्या शिश्नात सुई बसवणे जिकिरीचे.

खानदेशात शिरपूर, शहादा, धुळे, जळगाव येथे फार्मसी महाविद्यालये आहेत. इथल्या विद्यार्थ्याला हा विषय सुचतो तो बहुधा सातपुड्याच्या वनौषधींमुळे: सफेद मुसळी, खाजकुहिलीचे बी, गोखरू. निरोगी नराला अर्क पाजायचा, माजावर आणलेली मादी पिंजऱ्यात सोडायची आणि नर किती वेळा चढतो ते मोजायचे, ही सोपी चाचणी. पण ती कामेच्छा मोजते. तेवढ्यावर ‘ताठरता वाढली’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. शिवाय ज्या नरात दोषच नाही, त्याचा दोष बरा झाला असे म्हणता येत नाही.

दोष घडवण्याची रूढ पद्धत म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिनने, म्हणजे स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारणाऱ्या औषधाने, मधुमेह. रात्रभर उपाशी ठेवलेल्या नराला किलोमागे ६० मिलिग्रॅम, म्हणजे २५० ग्रॅमच्या रॅटला १५ मिलिग्रॅम, पोटात टोचतात. द्रावण ४.५ सामूच्या थंड सायट्रेट बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावात) आयत्या वेळी करून लगेच वापरावे; बफरचा सामू चुकला किंवा द्रावण तसेच पडून राहिले की औषध विघटित होते आणि बऱ्याच रॅटना मधुमेह होतच नाही. टोचल्यानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन एकदम सुटते व साखर धोकादायक उतरते, म्हणून पहिली रात्र साखरेचे पाणी ठेवतात. नंतर रक्तातील साखर डेसिलिटरला ३०० मिलिग्रॅमच्या वर टिकलेले नर निवडून, मधुमेहातून ताठरतेचा दोष उतरेपर्यंत, साधारण ८ ते १२ आठवडे थांबतात. हे रॅट इतके मुततात की पिंजऱ्यात अंथरलेले तूस रोज बदलावे लागते. इथे हंगामाचाही विचार हवा. मार्चमध्ये टोचलेली तुकडी मोजणीला येते ती ऐन मे महिन्यात. बाहेर पारा ४४ वर आणि त्यात वीज गेली, तर आधीच शोष पडलेले रॅट आधी दगावतात. म्हणून सुरुवात पावसाळ्यानंतर करावी.

मोजणी भूल देऊन होते. मानेतील रोहिणीत एक नळी रक्तदाबासाठी, शिश्नमूळात २३ ते २५ गेजची (बारीक) सुई शिश्नाच्या आतील दाबासाठी, म्हणजे अंतर्दाबासाठी. दोन्हींत रक्त गोठू न देणारे हेपॅरिनयुक्त सलाइन. प्रोस्टेट ग्रंथीच्या बाजूला श्रोणि-गुच्छिका (ओटीपोटातील चेतापेशींची गाठ) शोधून तिच्यातून शिश्नाकडे जाणारी शिश्नचेता विद्युत-हुकवर घेतात आणि सुमारे ५ व्होल्ट, २० हर्ट्झ, ५ मिलिसेकंदांचे ठोके मिनिटभर देतात. अंतर्दाब भागिले रक्तदाब, हा आकडा लिहायचा. नुसता अंतर्दाब नको, कारण भूल जास्त झाली की दोन्ही दाब एकत्र पडतात. दाब चढत नसेल तर आधी चेतेला दोष देऊ नये. सुई आरपार गेली असेल, नळीत गुठळी असेल, किंवा हुकभोवतीच्या ओलाव्यातून विद्युतप्रवाह पळत असेल. थोडे सलाइन सोडून दाब चढतो का पाहावे, भोवतालचा भाग कापसाने टिपावा, पण चेता मात्र सुकू देऊ नये.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दोषासाठी हीच चेता चिमट्याने दाबून इजा करतात. ॲपोमॉर्फिन हे मेंदूवर काम करणारे औषध मानेच्या कातडीखाली टोचून ताठरता व जांभया मोजण्याची चाचणी मेंदूकडून येणाऱ्या संकेतांसाठी आहे.

रॅटच्या शिश्नात हाड असते, माणसाच्या नसते. मनाचा ताण, नात्यातील दुरावा यांतून येणारा दोष या प्रारूपांत नीट उतरत नाही.

प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० आणि १९९८ चे नियम यांनुसार संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. अर्जात प्रत्येक गटातील रॅटच्या संख्येचे कारण द्यावे. मधुमेहात काही रॅट मरणार, हे त्या संख्येत आधीच धरावे. नंतर संख्या वाढवायची तर पुन्हा समितीकडे जावे लागते.