किंडल भारतात आलं ते हप्त्याहप्त्याने

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, दुसऱ्या देशात नेऊन वापरायचं म्हटलं की लोक आधी चार्जरचं विचारतात, व्होल्टेजचं विचारतात, आणि खरं सांगायचं तर तिथे काहीच अडत नाही. केबल लावा, चार्ज करा, वाचा. अडतं ते यंत्राच्या पोटात बसवलेलं दुकान. ते दुकान कुठल्या देशाचं, तिथे कुठलं कार्ड चालतं, प्रकाशकाचे हक्क कुठपर्यंत पोचतात आणि आपल्यासारख्यांना पडणारा जास्तीचा प्रश्न म्हणजे मराठी अक्षरं नीट दिसतात का. भारतात या गोष्टी एकदम आल्या नाहीत. किंडल हा ॲमेझॉनचा ई-रीडर, त्याचं यंत्र आलं २००९ मध्ये, रुपयातलं दुकान २०१२ मध्ये आणि मराठी पुस्तकं थेट २०१६ च्या डिसेंबरात. म्हणून "किंडल भारतात कधी आलं" याचं एक उत्तर देताच येत नाही.

थोडं मागे जाऊ. ई-इंकचा, म्हणजे छापील कागदासारखा दिसणारा पडदा हे मूळ अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधलं काम, त्यातून १९९७ ला ई इंक नावाची कंपनी निघाली. त्या पडद्यावरचा पहिला विक्रीला आलेला रीडर मात्र अमेरिकेत नाही, जपानमध्ये आला, एप्रिल २००४ मध्ये, सोनीचा लिब्रिए. मेनू जपानी, दुकान जपानी आणि पुस्तक विकत घेतलं तरी ते साठ दिवसांनी उघडायचं बंद व्हायचं! म्हणजे विकत कसलं, भाड्याचंच. तरी बाहेरच्या देशातल्या हौशी लोकांनी तो मागवला, मेनू इंग्रजी करायचे जुगाड शोधले आणि स्वतःच्या फाइली टाकून वाचले. बाहेरचा ई-रीडर वापरणाऱ्यांची जमात तिथपासूनची आहे.

मग १९ नोव्हेंबर २००७ ला ॲमेझॉनने पहिलं किंडल काढलं, किंमत ३९९ डॉलर, साडेपाच तासांत माल संपला आणि पुढे एप्रिलपर्यंत मिळालंच नाही. त्याची खरी करामत पडद्यात नव्हती, ती होती आतल्या मोबाइल कनेक्शनमध्ये. कॉम्प्युटर न लावता, बिल न भरता, मिनिटभरात पुस्तक हातात. पण ते कनेक्शन स्प्रिंट कंपनीच्या नेटवर्कवर चालायचं आणि ते नेटवर्क सीडीएमए पद्धतीचं. जगातल्या बहुतेक देशांत मोबाइलची दुसरी पद्धत, जीएसएम. आपल्याकडे रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमचं सीडीएमए होतं खरं, पण किंडलला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. अमेरिकेची हद्द संपली की त्यातला तो जादूचा भाग संपला, उरला केबलवाला रीडर. त्यात विकत घ्यायलाही अमेरिकेतला पत्ता आणि तिथलं कार्ड लागायचं. मग लोक काय करायचे, तिथल्या भावाचा नाहीतर मित्राचा पत्ता टाकायचा, गिफ्ट कार्डने खात्यात पैसे भरायचे, पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवायचं आणि यूएसबीने आत ढकलायचं. चालायचं, पण चोरीछुपे चालल्यासारखं. पैसे पूर्ण भरून पुस्तक घेणाऱ्या माणसाला खोटा पत्ता द्यायला लागावा हा प्रकार मला आजही विचित्रच वाटतो.

ऑक्टोबर २००९ मध्ये ते बदललं. किंडल २ ची आंतरराष्ट्रीय आवृत्ती आली, २७९ डॉलरला, शंभराहून जास्त देशांत पाठवणार, त्यात भारत. आत आता एटी अँड टीचं जीएसएम कनेक्शन, म्हणजे एका अमेरिकन कंपनीचं सिम रोमिंगवर जगभर फिरणार. बिल ग्राहकाला नाही, पण ते कुठूनतरी वसूल होणारच ना. अमेरिकन ग्राहक परदेशात फिरताना पुस्तक उतरवेल तर १.९९ डॉलर जास्तीचे, आणि बाहेरच्या बऱ्याच देशांतल्या ग्राहकांना पुस्तकाची किंमतच साधारण दोन डॉलर चढी. तिकडे ९.९९ ला मिळणारं गाजलेलं पुस्तक इकडे ११.९९. तेव्हा डॉलर सेहेचाळीस-सत्तेचाळीस रुपयांचा, म्हणजे साडेपाचशे रुपये, आणि त्याच पुस्तकाची भारतात छापलेली पेपरबॅक बऱ्याचदा त्याच्या निम्म्यात. यंत्राचे तेरा हजार, वर शिपिंग, वर कस्टम ड्युटी, आणि पुस्तकं छापील पुस्तकापेक्षा महाग. तरी घेणारे होते, कारण जे पुस्तक इथे कुठल्याच दुकानात मिळणार नाही ते रात्री अकरा वाजता घरी बसून मिळतं याची किंमत ज्याची त्याला माहीत.

कार्डाचीही एक गंमत होती. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इथल्या ऑनलाइन व्यवहारांना कार्डाच्या नंबरावर आणखी एक पासवर्ड सक्तीचा केला. परदेशी साइटला तो नियम लागू नव्हता, त्यामुळे किंडलवर एका क्लिकमध्ये पुस्तक घेता यायचं. पण त्यासाठी परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड हवं, आणि तेव्हा घरटी एक असं कार्ड म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. विद्यार्थ्यांना तर विसराच.

आता सगळ्यात चिडवणारा भाग. कनेक्शन आहे, कार्ड आहे, पुस्तक समोर दिसतंय, आणि खाली लिहिलंय की हे पुस्तक आशिया आणि पॅसिफिक भागातल्या ग्राहकांना उपलब्ध नाही. लोक ॲमेझॉनला शिव्या घालायचे, पण हे दुखणं ॲमेझॉनच्या कितीतरी आधीचं. इंग्रजी पुस्तकांचं जग प्रकाशकांनी केव्हाच वाटून घेतलंय, अमेरिकन प्रकाशकाकडे अमेरिका आणि बहुतेक वेळा कॅनडा, ब्रिटिश प्रकाशकाकडे ब्रिटन आणि जुन्या साम्राज्यातले देश. १९४७ मध्ये, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, ब्रिटिश प्रकाशकांनी आपसात करारच केला होता की अमुक देश आमचे, हक्क घ्यायचे तर या सगळ्या देशांचे एकत्र घ्यायचे. भारत त्या यादीत. अमेरिकेच्या न्याय खात्याने खटला भरल्यावर १९७६ मध्ये तो करार मोडीत निघाला, पण सवय कुठे मोडते. लेखकाचे करार त्याच रेघांवर होत राहिले. छापील पुस्तकाला ते खपून जायचं कारण ब्रिटिश आवृत्ती बोटीने यायचीच. ई-पुस्तकाच्या वेळी अमेरिकन दुकानात अमेरिकन प्रकाशकाची फाइल, त्याच्याकडे भारताचे हक्क नाहीत, आणि ज्या ब्रिटिश प्रकाशकाकडे आहेत त्याने अजून फाइल बनवलेलीच नाही. मधल्यामध्ये वाचक लटकलेला.

हक्कांच्या या रेघा किती खऱ्या असतात ते २००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्याच लोकांना कळलं. जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं ऑस्ट्रेलियासारख्या देशात कॉपीराइटमधून सुटली होती, अमेरिकेत नव्हती. हक्क नसलेल्या कोणीतरी ती किंडलच्या दुकानात विकायला ठेवली, लोकांनी पैसे देऊन घेतली, आणि मग ॲमेझॉनने ती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. पैसे परत दिले, ॲमेझॉनचा तेव्हाचा प्रमुख जेफ बेझोसने जाहीर माफी मागितली, पण व्हायचं ते होऊन गेलं. त्यातून नेमकं '१९८४', ज्यात सरकार नको असलेलं लिखाण पुसून टाकतं, यावर जगभर जेवढे विनोद व्हायचे तेवढे झाले. आपल्याकडच्या वाचकासाठी त्यातली खोच वेगळी होती, एकच पुस्तक एका देशात सार्वजनिक आणि दुसऱ्या देशात खाजगी असू शकतं आणि आपलं यंत्र कुठल्या देशाच्या कायद्याने चालतंय ते आपण ठरवत नाही.

२०१० मध्ये दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये तिसऱ्या पिढीचं किंडल आलं त्यात वायफाय होतं, १३९ डॉलरला, त्यामुळे रोमिंगचं झंझट ज्याला नको त्याला नको. आणि त्याआधी जानेवारीत अहमदाबादच्या इन्फीबीमने पाय (Pi) नावाचा देशी ई-रीडर आणला होता, ९,९९९ रुपये, भारतीय भाषा चालतील असं सांगून. कल्पना बरोबर होती, अगदी बरोबर. पण ई-रीडर म्हणजे नुसता पडदा नव्हे, मागे पुस्तकांचा ढीग लागतो आणि भारतीय भाषांतला तो ढीग तेव्हा नव्हताच.

ऑगस्ट २०१२ मध्ये ॲमेझॉनने किंडलचं भारतीय दुकान उघडलं, किमती रुपयांत, आणि यंत्र क्रोमाच्या दुकानांत ६,९९९ ला. गंमत म्हणजे तेव्हा ॲमेझॉनची भारतीय साइट नव्हती, ती आली जून २०१३ मध्ये. म्हणजे शेल्फ आधी आलं आणि दुकान नंतर. यात वाचकाला सगळ्यात मोठा फायदा झाला तो किमतीचा आणि हक्कांचा, कारण आता भारताचे हक्क असलेला प्रकाशक आपली फाइल आपल्या किमतीत लावू शकत होता. जुन्या अमेरिकन खात्यावाल्यांना खातं भारतात हलवायचा पर्याय मिळाला. घेतलेली पुस्तकं सोबत येतात, सबस्क्रिप्शन येत नाही, गिफ्ट कार्डाचे उरलेले पैसे जुन्या साइटवरच पडून राहतात. हे आधी कळलं नाही म्हणून कुरकुरणारे खूप.

बाकीच्या ई-रीडरांचं पटकन सांगतो. बार्न्स अँड नोबल या अमेरिकन पुस्तकविक्रेत्याचं नूक २००९ पासून अमेरिकेत जोरात होतं, ब्रिटनपर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये तिथूनही परतलं, आपल्याकडे आलंच नाही. कॅनडाचं कोबो ऑक्टोबर २०१३ मध्ये भारतात आलं, क्रॉसवर्डसारख्या दुकानांत दिसायचं, यंत्र चांगलं, पण हळूहळू दिसेनासं झालं. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ई-पुस्तकं विकायला घेतली आणि २०१५ च्या शेवटी ग्राहक कोबोकडे सोपवून हात वर केले. ज्यांनी तिथे पुस्तकं घेतली होती त्यांना तेव्हा कळलं की आपल्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे.

मराठीचं काय? इथे प्रकरण खरंच किचकट होतं. आपल्याकडची बहुतेक पुस्तकं श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप झालेली, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं ते, आणि त्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षर हे आतून इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. छापखान्यात काही फरक पडत नाही, कागदावर 'क' दिसला की झालं. पण तीच फाइल ई-पुस्तक करायला घेतली की फाँट नसलेल्या यंत्रावर नुसता कचरा. म्हणजे प्रत्येक जुनं पुस्तक आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीत आणा, मग पुन्हा मुद्रितशोधन करा, कारण बदलताना रफार इकडचे तिकडे होतात, जोडाक्षरं फुटतात. मराठी प्रकाशकाची आवृत्ती हजार-दोन हजारांची, त्यात हा खर्च कोण करणार? आणि समजा केला, तरी सुरुवातीच्या किंडलांना देवनागरी नीट जुळवता यायचीच नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे, जोडाक्षराचे पाय मोडलेले, नाहीतर सरळ रिकामे चौकोन. म्हणून लोकांनी पीडीएफचा रस्ता धरला. ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं कित्येकांनी तशीच वाचली, पीडीएफमध्ये फाँट आतच असतो म्हणून अक्षर शाबूत, पण पान अख्खं सहा इंचात मावायचं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. पुण्याच्या बुकगंगाने मराठी ई-पुस्तकं विकायला सुरुवात केली होती, पण ती त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये, आणि किंडलवर दुसऱ्याचं ॲप टाकता येत नाही. एकाकडे पडदा, दुसऱ्याकडे पुस्तकं, अशी अनेक वर्षं गेली.

१ डिसेंबर २०१६ ला ॲमेझॉनने हिंदी, तमिळ, मराठी, गुजराती आणि मल्याळम अशा पाच भाषांतली ई-पुस्तकं अधिकृतपणे सुरू केली. कन्नड, तेलुगू, बंगाली त्यात नव्हत्या आणि ते वाचक भडकले होते, बरोबरच होतं त्यांचं. वर्षभराने लेखकांना या पाच भाषांत स्वतःच पुस्तक टाकायची सोयही झाली. माझ्या मते मराठी वाचकासाठी किंडल भारतात आलं ते तेव्हा. त्याआधी होतं ते इंग्रजी वाचणाऱ्या मराठी माणसाचं किंडल. आणि तिथे चित्र उलटंही झालं, कारण मराठी पुस्तकाची घरची बाजारपेठ म्हणजे आपली, न्यू जर्सीतला मराठी वाचक आता बाहेरचा ग्राहक. त्याचं खातं अमेरिकन, म्हणून त्याला अमेरिकन दुकानातूनच डॉलरमध्ये घ्यायचं, रुपयातल्या भारतीय दुकानातून थेट नाही.

करांचंही एक त्रांगडं होतं, छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आणि ई-पुस्तकावर अठरा टक्के, ते जुलै २०१८ मध्ये पाच टक्क्यांवर आलं, तेही पुस्तकाची छापील आवृत्ती असेल तरच.

आणि बाजारपेठ उघडते तशी बंदही होते. चीनमध्ये २०१३ मध्ये थाटात आलेलं किंडल, जून २०२२ मध्ये कंपनीने आवरतं घेत असल्याचं सांगितलं, ३० जून २०२३ ला दुकान बंद, घेतलेली पुस्तकं उतरवून घ्यायला आणखी एक वर्ष. आपल्याकडे दुकान चालू राहिलं पण यंत्रं गायब झाली, बराच काळ नवं किंडल स्टॉकमध्येच नव्हतं, लोक पुन्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून मागवायला लागले. बाहेरून आणलेल्या यंत्रावर भारतीय खात्याने लॉगिन केलं की भारतीय दुकान उघडतं, वॉरंटी मात्र घेतलेल्या देशातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत आलेलं पेपरव्हाइट नावाचं नवं किंडल इथे एप्रिल २०२५ मध्ये लागलं, १६,९९९ रुपयांना.

त्याच्या दोन महिने आधी, २६ फेब्रुवारी २०२५ ला, साइटवरून पुस्तकाची फाइल कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोय ॲमेझॉनने बंद केली. नव्या यंत्रवाल्यांना फारसं कळलंही नाही. पण २००९ मध्ये भारतात रीतसर आलेल्या त्या किंडल २ मध्ये वायफाय नव्हतंच, आणि ज्या एटी अँड टीच्या कनेक्शनवर ते चालायचं तिने अमेरिकेत आपलं थ्रीजी २०२२ मध्ये बंद केलं. अशी यंत्रं ज्यांच्याकडे अजून चालू आहेत आणि जिथे सिग्नल उरलेला नाही, तिथे आधी आत असलेली पुस्तकं वाचता येतात, स्वतःच्या फाइली केबलने टाकता येतात. दुकानातून आज घेतलेलं पुस्तक आत जात नाही.